त्यानं दोनदा वाचलं होतं

कुंडलिक गेला हे मला दूध संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. त्याचं घर माझ्या वस्तीपासून चालत दहा मिनिटांवर. मध्ये म्हसोबाचा ओढा, ओढ्यावर बुटक्या पुलासारखी फरशी, फरशीपलीकडे त्याचं डाळिंबाचं रान आणि रानाच्या कडेला घर. एवढ्या जवळचा माणूस गेला आणि मला ते मोबाईलवर वाचावं लागलं. सकाळी गोठ्यातून येऊन हात धुतले, चष्मा लावला, बघतो तर त्याचा जुना फोटो, खाली जोडलेले हात आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली', एकाखाली एक, एकाखाली एक... ज्यांनी चार वर्षांत त्याच्या ओट्यावर पाय ठेवला नव्हता, तेच सगळे पुढे. आधी वाटलं, दुसऱ्या कुणा कुंडलिकचं असेल. मग फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. पहाटे छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेताना वाटेतच संपलं, हे नंतर समजलं. मी अनवाणीच निघालो आणि फरशीपर्यंत जाऊन थांबलो. डोक्यात एकच आलं की आता ते राहिलं. चार वर्षं जे त्याला सांगायचं होतं ते राहिलं ते राहिलंच.

कुंडलिक आमच्या दूध संघाचा सेक्रेटरी होता. वीस-बावीस वर्षं तरी होता. आम्ही दोघं कोल्हारच्या शाळेत एका बाकावर. पुढं मी मराठीचा शिक्षक झालो, तो संघाच्या दूध संकलन केंद्रावर कारकून म्हणून चिकटला. मी शिक्षक व्हायच्या कितीतरी आधीपासून तो मला 'मास्तर' म्हणायचा, कारण लहानपणापासून मला लोकांच्या बोलण्यातल्या चुका काढायची खोड. त्याच्या बोलण्यात मी शेवटपर्यंत चुका काढत राहिलो आणि तो शेवटपर्यंत 'न्हाई' आणि 'हुतं'च म्हणत राहिला. मात्र त्याचं लिहिणं! अक्षर मोत्यासारखं, आणि वाक्यात एक शब्द जास्त नाही की कमी नाही. संघातले लोक म्हणायचे, सेक्रेटरी बोलतो गावासारखं आणि लिहितो सरकारसारखं.

त्याला एक खोड होती, आणि ती माझ्या खोडीपेक्षा वाईट. कुठलाही कागद असो, तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचल्याशिवाय सही करायचा नाही, दुसऱ्याला करू द्यायचा नाही. बँकेत मागे रांग लागलेली असायची, लोक पाय आपटायचे, आणि हा खिडकीशी उभा राहून फॉर्मच्या मागच्या बाजूच्या बारीक अटी वाचतोय. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आम्ही संगमनेरला गेलो होतो. मी मराठीचा शिक्षक, मजकूर मी लिहिलेला, मी नुसती नजर फिरवली आणि म्हटलं, छापा. यानं तो कागद हातात घेतला आणि छापखान्यात सगळ्यांदेखत 'श्री गजानन प्रसन्न'पासून सुरुवात केली. मी लाजून बाहेर जाऊन उभा राहिलो. आत बोलावलं तेव्हा कळलं की तारीख बरोबर होती आणि वार चुकला होता. वऱ्हाड एक दिवस आधी आलं असतं. परत येताना एस.टी.त त्यानं मला एका शब्दानं चिडवलं नाही, फक्त मध्ये मध्ये माझ्याकडं बघून हसत होता.

संघाच्या कचेरीत बायका अंगठा द्यायला यायच्या, तेव्हा तो शाईचं पॅड हातानं झाकून धरायचा. "बाई, बोट बुडवायच्या आदी कान हिकडं करा," म्हणायचा, आणि मग सावकाश, दम घेत घेत वाचून दाखवायचा. घाईच्या बायकांना वैताग यायचा. पण त्याच बायका घरी गेल्यावर नवऱ्यांना सांगायच्या, की तुम्ही सही करून आलात, काय लिहिलं होतं ते तरी माहीत आहे का? आमच्या भागात दुधाचा धंदा बायकांच्याच मनगटावर चालतो. गाई त्या सांभाळतात, सभासद म्हणून नाव मात्र पुरुषाचं. कुंडलिकनं घरोघरी सांगून कितीतरी बायकांना सभासद करून घेतलं. त्याचं म्हणणं साधं होतं, की शेण जिच्या हाताला लागतं तिला सभेत बसायला जागा पाहिजे.

अध्यक्षांच्या वडिलांनी त्याला वर आणलं. आताचे अध्यक्ष म्हणजे आबा. आबांचे वडील संघाचे पहिले अध्यक्ष. कुंडलिक केंद्रावर नवा नवा असताना उन्हाळ्यात एकदा अध्यक्षांच्याच घरचं दूध नासकं निघालं, आणि यानं इतरांचं परत पाठवतात तसं तेही परत पाठवलं. सगळ्यांना वाटलं, पोराची नोकरी गेली. म्हातारा दुसऱ्या दिवशी स्वतः केंद्रावर आला, याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, हा कचेरीत पाहिजे. बाप होता तोवर संघात 'नाही' म्हणायला जागा होती. मुलगा वाईट नव्हता... अजूनही नाही. पण त्याच्याभोवती री ओढणारे जास्त जमले, आणि त्यात मी एक होतो. हे आज लिहायला सोपं वाटतं.

आता ज्यांनी अशी सभा पाहिलेली नाही त्यांना ती सांगायला हवी. वार्षिक सर्वसाधारण सभा म्हणजे आमच्याकडे मोठा कार्यक्रम. मांडव, स्पीकर, पुढे सोफे, मागे सतरंज्या आणि मांडवाच्या पाठीमागे तळल्या जाणाऱ्या बुंदीचा आणि शिजणाऱ्या रश्श्याचा वास. सेक्रेटरी ठराव वाचतो. त्याचं 'विषय क्रमांक' म्हणून होतं न होतं तोच मागून आवाज येतो, "मंजूर, मंजूर!" मग सूचक उभा राहतो, अनुमोदक उभा राहतो. ही नावं आदल्या दिवशीच ठरलेली असतात. ठराव काय आहे हे कुणी विचारत नाही, विचारलं तर शेजारचा म्हणतो, "बसा की, जेवाण थंड व्हतंय." मी निवृत्त शिक्षक, चार लोकांत मान, त्यामुळं अनुमोदक म्हणून दरवर्षी माझं नाव असायचं. पांढराशुभ्र सदरा घालून उठायचं आणि 'माझं अनुमोदन आहे' हे तीन शब्द स्वच्छ उच्चारात म्हणायचे, यात मला किती सुख वाटायचं ते माझं मला माहीत.

पाच वर्षांपूर्वीच्या सभेत त्या दिवशी निवृत्त शिक्षकांचा सत्कारही होता. मी सोफ्यावर बसून आभाराचं भाषण मनात घोळवत होतो. संघानं पनीरचा आणि खव्याचा नवा विभाग काढला होता, आणि टाक्या-यंत्रं धुतलेलं पाणी, त्यात कॉस्टिक, अ‍ॅसिड आणि पनीरची आंबलेली निवळी, हे सगळं कुठं सोडायचं हा प्रश्न होता. शुद्धीकरणाचा प्रकल्प पुढं ढकलायचा आणि तोपर्यंत 'तात्पुरत्या स्वरूपात' ते पाणी चारी खोदून म्हसोबाच्या ओढ्यात सोडायचं, असा तो ठराव. कुंडलिकनं संचालकांच्या बैठकीत आधीच विरोध केला होता, हे मला नंतर कळलं. तिथं त्याचं चाललं नाही. मग त्याच्या हातात एकच गोष्ट उरली. त्यानं ठराव सभेत वाचला. सावकाश वाचला. 'मंजूर'चा गलका झाला, तो शांत होईपर्यंत थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. आणि कागदावर नसलेलं एक वाक्य जोडलं, की ओढ्याकाठच्या वस्त्यांच्या विहिरींना हे पाणी लागणार आहे, सभासदांनी ध्यानात घ्यावं. पुन्हा आवाज आला, "मंजूर!" माझं नाव पुकारलं गेलं. मी उठलो. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं कुंडलिकनं मला 'सर' म्हटलं.

"सर, ऐकलंत ना?" स्टेजवरून त्यानं विचारलं.

"ऐकलं, ऐकलं," मी म्हणालो, आणि लोक हसले. "माझं अनुमोदन आहे."

माझी वस्ती ओढ्याकाठची. माझी विहीर ओढ्यापासून तीस पावलांवर.

पुढच्या उन्हाळ्याच्या आत विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. आंबट, कुजकट, सणसणीत. वर साय धरल्यासारखा तवंग. गाई पाण्याला तोंड लावेनात, एक गाभण होती ती गाभडली. वस्तीवरच्या बायका हंडे घेऊन लांब जायला लागल्या आणि जाता जाता माझ्या दाराशी थांबून विचारायला लागल्या, "मास्तर, तुमीच उभं राहून व्हय म्हनलं हुतं ना?" तीस वर्षं मी पोरांना नागरिकशास्त्रही शिकवलं होतं. मी घराबाहेर पडायचं टाळायला लागलो.

मग कुणीतरी तक्रार केली आणि नगरहून प्रदूषणाचे साहेब आले. त्यांनी सभेचं इतिवृत्त मागितलं. कुंडलिकनं जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं, की ठराव दोन वेळा वाचण्यात आला, विहिरींना होणाऱ्या परिणामाची कल्पना सभेस देण्यात आली, सूचक अमुक, अनुमोदक मी. आबांनी त्याला ते पान बदलायला सांगितलं. तो म्हणाला, झालं तेच लिव्हलंय. आबांनी समजावलं, बाकीच्यांनी दम दिला. तो हेच म्हणत राहिला.

एक दिवस दुपारी आबा माझ्याकडं आले. स्वतः. चहा घेतला, नातवाची चौकशी केली आणि एक टाइप केलेला कागद पुढं ठेवला. सेक्रेटरींनी सदर ठराव सभेत वाचून दाखविला नाही, केवळ विषयाचं नाव उच्चारलं, त्यामुळं सभासदांची दिशाभूल झाली, असा मजकूर. खाली सह्यांसाठी रेघा. आबा म्हणाले, की अनुमोदक म्हणून उद्या सगळं तुमच्या नावावर येईल सर, वस्तीतली माणसं तुम्हाला जगू देणार नाहीत. तुमची सही वर असली की बाकीचे पटापट करतील. कुंडलिकचं काही वाकडं होणार नाही, त्याला आम्ही सांभाळून घेऊ. मला खरंच आठवत नव्हतं काय वाचलं गेलं ते. मी ऐकलंच नव्हतं. पण मी न ऐकणं आणि त्यानं न वाचणं यातला फरक मला कळत नव्हता, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? 'ऐकलंत ना' हा त्याचा प्रश्न मला स्वच्छ आठवत होता. मी खिशातलं पेन काढलं. 'दाखविला'तली वेलांटी टायपिस्टनं चुकवली होती, ती दुरुस्त केली, आणि सही केली.

महिनाभरात कुंडलिकनं राजीनामा दिला. म्हणजे त्याच्याकडून घेतला. ना सत्कार, ना नारळ. कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवून तो सायकलवर घरी गेला म्हणतात. पण ते पान त्यानं बदललं नाही ते नाहीच, आणि वही शिवलेली, पानांना आकडे घातलेले, त्यामुळं कुणाला ते गुपचूप फाडता आलं नाही. पुढं साहेबांनी तेच पान धरलं. तुम्हाला माहीत होतं आणि तरीही सोडलंत, असं म्हणून संघाला प्रकल्प बांधायला लावला. आज ओढ्याला वास येत नाही तो त्या पानामुळं. माझ्या कागदामुळं नाही.

प्रकल्प होईपर्यंतच्या काळात संघानं 'सामाजिक बांधिलकी' म्हणून आमच्या वस्तीवर पाण्याचे जार वाटले. जारवर संघाचं नाव, आबांचा फोटो. मोठा फलक लावला, मला पाहुणा म्हणून बोलावलं आणि मी गेलो. कुंडलिक गर्दीच्या कडेला सायकल धरून उभा होता. कार्यक्रम संपल्यावर जवळ आला. मला वाटलं, आता बोलेल. बोलला ते एवढंच, "हीर आदी नासवायची आन मग जारवर फोटू घालून वाटायची... बरं हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मास्तर, गुरांना जार पुरायचा न्हाई. माझी हीर वरच्या अंगाला हाय, चांगली हाय. पाइप टाक."

मी पाइप टाकला. फरशीवरून ओढा ओलांडून काळा पाइप माझ्या गोठ्यापर्यंत आला. खोदायला तो स्वतः आला, जोड त्यानं बसवले. त्याला सगळं माहीत होतं. साहेबांनी चौकशीत तो कागद त्याच्यापुढं ठेवला होता, सगळ्यांत वर माझी सही, आणि कागद पूर्ण वाचल्याशिवाय सोडणारा तो माणूस नव्हता. ओढा सुधारला तरी माझी विहीर सुधारली नाही, चार वर्षं मी त्याच्या विहिरीचं पाणी प्यालो. माझ्या गाई प्याल्या, माझी नातवंडं आंघोळी करत होती. तो अधूनमधून पाइप गळतो का बघायला यायचा, ओट्यावर बसायचा, चहा घ्यायचा. डाळिंबावरच्या रोगाबद्दल बोलायचा, मुलगी नाशिकला असते तिच्याबद्दल बोलायचा. मी हूं हूं करत ऐकायचो. किती वेळा जिभेवर आलं... 'कुंडलिक, ती सही...' एवढे दोन-तीन शब्द. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेल्या माणसाला ते जमले नाहीत. तो शिव्या देता तर बरं झालं असतं. त्यानं मला कधी सोडवलंही नाही आणि कधी पकडलंही नाही.

जाण्याच्या आठेक दिवस आधी तो शेवटचा आला. अंगानं उतरला होता, जिना चढल्यासारखा दम लागत होता. मी डॉक्टरला दाखव म्हटलं, तर म्हणाला, दावू. मग सहज म्हटल्यासारखं म्हणाला, "यंदा सभेला जायचं का रं? मी बी सभासद हायच की अजून. दोघं मागं सतरंजीवर बसू. काय बोलायचं आसंल कुनाला तर बोलंल."

मला कळलं. त्यानं दार उघडून दिलं होतं आणि बाजूला उभा राहिला होता. मी म्हणालो, बघू.

त्याचा दशक्रियाविधी प्रवरेच्या घाटावर झाला. आमच्याकडं अशा वेळी माइक असतो आणि पुढाऱ्यांची भाषणं होतात. आबा बोलले, संघाचा प्रामाणिक सेवक हरपला म्हणाले, त्यांचा आवाजही दाटला. तो खोटा होता असं मी म्हणणार नाही. मग माझं नाव पुकारलं. मी माइकसमोर उभा राहिलो. समोर नदी, काठावर कावळ्यांसाठी ठेवलेले पिंड, पहिल्या रांगेत सुमनवहिनी, म्हणजे कुंडलिकची बायको, आणि तिच्याशेजारी मुलगी. मी बालपणीचा बाक सांगितला, पत्रिकेचा किस्सा सांगितला. लोक डोळे पुसत होते. चांगलं झालं भाषण, खूप लोक येऊन म्हणाले. त्यात सगळं होतं, एक सोडून.

तेराव्यानंतर मी एका सकाळी त्याच्या घरी गेलो आणि वहिनींसमोर ते सांगून टाकलं. सही, वेलांटी, आबांचा चहा, सगळं. बोलता बोलता रडलो. वाटलं, आता त्या म्हणतील जाऊ द्या, आणि मी मोकळा होईन. वहिनी उन्हात वाळत घातलेल्या मुगाच्या शेंगा उलथवत होत्या. हात थांबला नाही.

"मला कशाला सांगताय, भाऊजी? मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी ते सभेचं म्हनून लिव्हलं ना? मंग सभेतच सांगा."

सभा पंधरा दिवसांवर होती. त्या पंधरा दिवसांत मी काय काय कारणं शोधली ते सांगत नाही. बायको म्हणाली, या वयात कशाला शोभा करून घेता. आबांचा फोन आला, यंदाही अनुमोदक म्हणून तुमचं नाव घेतोय. मी हो म्हणालो, कारण उभं राहायला मिळणार होतं.

पहिला विषय श्रद्धांजलीचा असतो. नवा सेक्रेटरी वर्षभरात गेलेल्यांची यादी वाचत होता, देशातले मोठे लोक, मग तालुक्यातले, मग सभासद. कुंडलिकचं नाव गेलं तेव्हा मागं कुणीतरी पातेली सरकवत होतं. दोन मिनिटं उभं राहून झालं आणि लोक खाली बसायला लागले, मी बसलो नाही. सोफ्यांच्या मधून पुढं गेलो आणि सेक्रेटरीच्या हातातला माइक मागितला. त्यानं आबांकडं पाहिलं, आबांना वाटलं मी कुंडलिकबद्दल दोन शब्द बोलणार. त्यांनी मान हलवली.

मी दोन शब्दच बोललो. पाच वर्षांपूर्वी याच मांडवात कुंडलिकनं तो ठराव वाचला होता. दोनदा वाचला होता. विहिरी नासतील हे सांगितलं होतं. मला विचारलंही होतं, ऐकलंत ना, आणि मी ऐकलं म्हणालो होतो. नंतर त्यानं वाचलं नाही असं मी खोटं लिहून दिलं, आणि माझी सही बघून बाकीच्यांनी केल्या. त्याची नोकरी माझ्या खोट्यानं गेली. हे या सभेच्या इतिवृत्तात लिहावं, ही माझी विनंती. माझे उच्चारही धड नव्हते. पुढच्या सोफ्यांवर कुणी वर पाहत नव्हतं. आबा टेबलावरच्या फुलदाणीकडं बघत होते. मला वाटलं, कुणीतरी उठेल. ज्यांनी माझ्या खाली सह्या केल्या त्यांतला एखादा तरी उठेल... किंवा कुणी मला शिवी देईल.

आणि मागून, सतरंज्यांवरून, मांडवाच्या टोकाहून आवाज आला, "मंजूर!" त्याच्यामागं आणखी चार-सहा, "मंजूर, मंजूर!" त्यांत चेष्टा नव्हती. त्यांनी ऐकलंच नव्हतं. आबांनी लगेच माइक ओढला आणि म्हणाले, सरांच्या भावनांची आपण नोंद घेतली आहे, विषय क्रमांक दोन. नव्या सेक्रेटरीचं पेन वहीवर तसंच थांबलेलं मी पाहिलं. त्यानं ते लिहिलं की नाही, मला माहीत नाही. म्हणून इथं लिहितो आहे.

मी जेवायला थांबलो नाही. तसाच निघालो आणि फरशी ओलांडून कुंडलिकच्या घरी गेलो. वहिनी पुढच्या खोलीत होत्या. नोकरी सुटल्यावर याच खोलीत खिडकीशी टेबल टाकून तो लोकांचे अर्ज लिहून द्यायचा, फुकट, आणि प्रत्येकाला मोठ्यानं वाचून दाखवायचा. टेबलावर कुणा म्हातारीचा निराधार पेन्शनचा फॉर्म होता. निम्मा त्याच्या अक्षरात भरलेला, खालचा निम्मा कोरा. वर तिचं रेशनकार्ड, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर एक वाळलेलं डाळिंब. ती म्हातारी अजून कागद न्यायला आली नव्हती. वहिनींनी काहीच हलवलं नव्हतं. त्यांनी मला त्याच्या खुर्चीच्या समोरच्या, लोकांसाठी असलेल्या खुर्चीवर बसायला सांगितलं. पाणी दिलं. मी पाणी प्यालो.

"सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं."

"मंग? काय म्हनले लोक?"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. शेवटी म्हणालो, "मंजूर म्हणाले, वहिनी."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. आणि मग हसल्या. तो गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या असतील. आधी नुसते ओठ हलले, मग पदर तोंडाला लावला, मग खांदे हलायला लागले आणि आवरेना. त्यांचं बघून मलाही हसू आलं. त्या रिकाम्या खुर्चीसमोर आम्ही दोघं म्हातारी माणसं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग मी थांबलो तरी त्यांचे खांदे हलत होते, आणि कधी तरी मध्येच ते हसणं राहिलं नव्हतं. मी उठून उभा राहिलो. काय करावं ते कळेना. त्यांनी पदरानं डोळे दाबून धरले, आणि टेबलाकडं तोंड करून म्हणाल्या, "हे त्यान्ला सांगाया पायजे हुतं, भाऊजी."